डिलन कुठल्या बेंचकडे गेला?

डिलन रीस या खेळाडूवर अन्याय झाला. केव्हा, तर यंदाच्या जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळच्या सामन्यात, तिसरा पिरियड निम्मा झाला असताना. कुणी केला, तेही मी मूळ लेखात नावानिशी लिहिलं होतं. संपादकांचा फोन आला. "राहुल, क्लबचं नाव तेवढं काढू या. अंक निघायचाय आपल्याला." काढलं. तेव्हा इथून पुढे नुसतं 'क्लब' म्हणतो. उत्तर इंग्लंडमधला एक व्यावसायिक आइस हॉकी क्लब. हा अंक वाचणाऱ्यांपैकी एक बसभर माणसांना तो कुठला हे न सांगता कळेल, कारण त्या शनिवारी ती माणसं तिथे होती.

संपादकांना खरं तर दुसराच लेख हवा होता. 'बर्फावरचं मराठी पाऊल' असं शीर्षकसुद्धा त्यांनी सुचवलं होतं. स्लाऊचा पोरगा स्केट घालून कसा पडला, कसा उठला, आईनं डबे कसे दिले, वगैरे. दिवाळी अंकाला असं काहीतरी शोभतं हे मला कळतं. पण मी लिहायला शिकलो ते पप्पांच्या हाताखाली. पप्पा स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या गोडाऊनात शिफ्ट करायचे आणि उरलेला वेळ चळवळीला द्यायचे. आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि पत्रकांच्या घड्या जास्त पडायच्या. मी पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा त्याची सुरुवात 'आजच्या या धकाधकीच्या जीवनात' अशी होती. पप्पांनी ते तिथेच फाडलं. "ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव लिही आधी. माणूस दारात उभा राहून वाचतो. त्याचा चहा गॅसवर असतो."

तर नाव लिहिलं. आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगतो. ते कळल्याशिवाय डिलनचं कळायचं नाही.

मी डिफेन्समन होतो. आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी गवतावरची हॉकी खेळायचो. उरलेल्यांना वाटतं मी बर्फावर नाचायचो. बर्फावर एका वेळी एका संघाचे सहा जण असतात. एक जाळ्यात, तिघे पुढे, दोघे मागे. मागचे दोघे म्हणजे डिफेन्समन. काळी रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. पुढचे तिघे ती समोरच्याच्या जाळ्यात मारतात आणि त्यांच्या नावाच्या जर्सी क्लबच्या दुकानात टांगल्या जातात. आम्ही ती आपल्या जाळ्यात जाऊ देत नाही, आणि गेली तर मात्र आमचं नाव अख्ख्या स्टँडला पाठ असतं. रिंकभोवती कुंपणासारखी भिंत असते, तिच्यावर जाड काच. माणसाला त्या भिंतीवर आदळणं नियमात बसतं, फक्त पाठीमागून आदळायचं नाही. पाऊण मिनिट जीव काढून खेळायचं, बेंचवर येऊन धापा टाकायच्या, परत उडी मारायची. अशा एका फेरीला शिफ्ट म्हणतात. हे असं वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड.

आणि हे सगळं आम्ही उलटं करतो. समोरून माणूस सुसाट येत असतो आणि आपण त्याच्याकडे तोंड करून मागे मागे स्केट करत असतो. तेव्हा पककडे बघायचं नाही. पक फसवतो. डोळे फसवतात. खांदेसुद्धा. छातीच्या मधल्या हाडाला फसवता येत नाही, माणूस शेवटी तिकडेच जातो जिकडे ते हाड जातं. म्हणून हाडाकडे बघायचं. सात सीझन मी लोकांच्या बोलण्याकडे, हसण्याकडे, हातांकडे न बघता छातीकडे बघत जगलो. संशय हा माझा स्वभाव नाही, मला त्याचं ट्रेनिंग आहे.

समोरच्या एका संघात एक म्हातारा फॉरवर्ड होता, म्हणजे पुढच्या तिघांतला, मूळचा कॅनडाचा. म्हातारा म्हणजे छत्तिशीचा, पण आमच्यात त्याला आजोबाच म्हणायचे. सामन्याआधी वॉर्मअपला मधल्या रेषेपाशी यायचा आणि पाय ताणता ताणता गोड बोलायचा.

"कॅरट, आई कशी आहे?"

माझं आडनाव खरात. ड्रेसिंग रूममध्ये पहिल्याच दिवशी त्याचं गाजर झालं ते झालं.

"आई मजेत."

"आणि मनगट?"

"कुठलं मनगट?"

"तेच तर विचारतोय रे."

दुखत होतं डावं. पट्ट्या मी दोन्ही मनगटांना बांधल्या होत्या. ही आमच्यातली जुनी पद्धत. नेमकं कुठे दुखतं हे समोरच्याला कळलं की पहिल्या पाच मिनिटांत काठी बरोब्बर तिथे बसते. म्हाताऱ्यानं त्या दिवशी माझ्या उजव्या मनगटावर मनसोक्त फटके मारले आणि सामना संपल्यावर हात मिळवताना म्हणाला, "चुकीचं निवडलं ना मी? घरी सांग आईला, पोरगा हुशार आहे."

त्यामुळे क्लबसुद्धा कुणाला काय लागलंय ते सांगत नाहीत. दोनच शब्द जाहीर करायचे, 'अप्पर बॉडी' किंवा 'लोअर बॉडी'. कमरेच्या वर किंवा कमरेच्या खाली. संपलं. कधी कधी तेही खोटं. एकदा माझ्या पावलावर पक बसला, बूट निघेना इतका पाय सुजला, आणि क्लबनं जाहीर केलं, अप्पर बॉडी. तासाभरात आईचा फोन.

"छातीत काय झालंय तुझ्या?"

"छातीत काही नाही गं. पाय आहे."

"मग वर का लिहिलंय?"

"लोकांना कळू नये म्हणून."

"मी लोक आहे?"

"आई, तसं नाही..."

"मला बेसिंगस्टोकहून माझ्या बहिणीनं फोन करून विचारलं, हार्ट अटॅक का म्हणून. पायाला हळद लाव आणि त्यांना म्हणावं, खोटं बोलायचं तर आधी आईला विचारून बोला."

आम्ही हे किस्से एकमेकांना सांगून हसायचो. गुप्तता खेळाडूच्या भल्यासाठी असते, हे आम्हाला शिकवलेलं होतं. शिकवलं कुणी? क्लबनंच.

आता डिलन. वेल्सच्या एका छोट्या गावातला, इलेक्ट्रिशियनचा मुलगा, जागेपणी सतत बडबड करणारा. डिफेन्समन जोडीनं खेळतात आणि तो माझा जोडीदार होता. जोडी म्हणजे काय, ते एका गोष्टीवरून कळेल. समोरचे लोक पक आपल्या कोपऱ्यात ढकलून देतात आणि मागोमाग धावत येतात. आपल्यातल्या एकानं तो आणायला भिंतीकडे जायचं. म्हणजे सगळ्या जगाकडे पाठ करायची. मागून कोण येतंय, किती जोरात येतंय, काही दिसत नाही. ते जोडीदारानं ओरडून सांगायचं. "टाइम!" म्हणजे कुणी नाही, निवांत घे. "मॅन ऑन!" म्हणजे आला अंगावर. आपल्या मणक्याची जबाबदारी दुसऱ्याच्या घशावर असते. डिलनचा "टाइम!" ऐकला की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो, आणि माझ्या आयुष्यात मी विनासंशय ऐकलेला तो एकमेव आवाज.

एका जयंतीला मी त्याला स्लाऊला घरी आणलं. गाडीत शिकवल्याप्रमाणे दारातच पप्पांना "जय भीम, सर!" म्हणाला. पप्पांनी त्याला पत्रकांच्या घड्या घालायला बसवलं. सगळ्या वाकड्या.

"यांची युनियन आहे का, विचार," पप्पा मला म्हणाले.

"आहे," डिलन म्हणाला, "पण ड्रेसिंग रूममध्ये तिचं नाव मोठ्यानं कुणी घेत नाही."

"मग ती युनियन नाही," पप्पा म्हणाले, "तो नवस आहे."

मी भाषांतर केलं. डिलन हसला, आईनं त्याला आणखी एक भाकरी वाढली, तीही त्यानं खाल्ली.

आता तो शनिवार.

क्लबनं त्या दिवशी 'साउथ एशियन नाइट' ठेवली होती. पोस्टरसाठी मला फेटा बांधायला सांगितलं. मी म्हटलं, मी इथे हेल्मेट घालतो. मग पोस्टरवर समोसा छापला. आणि लीड्सहून आपलं मंडळ आलं, एक अख्खी बस करून, ढोल घेऊन. ग्रुपची तिकिटं पाहुण्या संघाच्या बेंचच्या मागच्या ब्लॉकमध्ये होती. तुम्ही तिथे बसला होतात. दोन पिरियडच्या मधल्या सुट्टीत ढोल वाजला, चांगला वाजला, मी आत बूट आवळत ऐकत होतो आणि डिलन शेजारी मांडीवर तोच ठेका धरत होता.

तिसऱ्या पिरियडमध्ये पक आमच्या कोपऱ्यात आला. डिलन आणायला गेला. मी ओरडलो, "मॅन ऑन!" त्यानं ऐकलं, वळायला लागला, पण समोरचा पोहोचला होता. डिलनचा खांदा भिंतीवर गेला आणि त्यापाठोपाठ हेल्मेटची मागची बाजू काचेवर. तो आवाज मला अजून येतो. पण आवाज पुराव्यात धरत नाहीत. पंचांनी शिटी मारली. डिलन उठला. आणि शांतपणे, जणू घरी निघालाय, स्केट करत पाहुण्या संघाच्या बेंचकडे गेला.

तिथलं दार उघडायला लागला. त्यांच्या खेळाडूंनी आधी शिट्ट्या मारल्या. मग एकदम गप्प झाले, कारण बर्फावर राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की बेंच चुकणं म्हणजे काय. त्यांच्या किट सांभाळणाऱ्या माणसानं दारावरचा त्याचा हात हलकेच काढला आणि म्हणाला, "घर चुकलं, पोरा." मी जाऊन त्याला धरलं.

"डिल, स्कोअर काय?"

"आज आपण घरी खेळतोय ना?"

"स्कोअर काय विचारतोय मी."

"कॅरट, ढोल कुठे गेला?"

आमच्या बेंचवर फिजिओ उभा होता. त्याच्या शेजारी कोच. कोचनं डिलनच्या तोंडाकडे बघितलं नाही, फिजिओकडे बघितलं आणि म्हणाला, "खांदा ना?" वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, पण तो प्रश्न नव्हता. मी छातीकडे बघणारा माणूस आहे. फिजिओ अर्धं पाऊल डिलनच्या डोक्याकडे झुकला होता. मग मागे आला आणि त्यानं खांद्यावर बर्फाची पिशवी ठेवली.

मी म्हटलं, "डोक्याला लागलंय. तो त्यांच्या बेंचवर चालला होता."

"तू तुझी शिफ्ट खेळ," कोच म्हणाला.

आमच्या खेळात एक नियम आहे आणि तो शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे. डोक्याला लागल्याची नुसती शंका आली तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत बर्फावर नाही. खात्री लागत नाही, शंका पुरे. म्हणजे या एका बाबतीत नियमच सांगतो की संशयी व्हा. एरवी क्लबला कशाकशाचा संशय येतो! आम्ही कुठे जेवलो, कुणाशी बोललो, दुसऱ्या क्लबचा फोन आला का. या एका गोष्टीचाच आला नाही. शेवटच्या मिनिटांत आमचा एक डिफेन्समन पेनल्टीवर, म्हणजे शिक्षा म्हणून, बाहेर बसला, माणूस कमी पडला आणि डिलनला परत बर्फावर सोडलं.

आमच्या लीगमध्ये शनिवारी घरी, म्हणजे आपल्याच रिंकवर, आणि रविवारी बाहेर असे लागोपाठ सामने असतात. रविवारी बसमध्ये हा बडबड्या माणूस डोक्यावर हूड ओढून खिडकीकडे पाठ करून बसला होता. ड्रायव्हरला दोनदा रेडिओ बंद करायला सांगितलं. रेडिओ चालू नव्हता. रिंकवर पोचल्यावर एका वार्ताहरानं त्याला विचारलं, काल काय लागलं? आणि डिलन काय म्हणाला? जे कुठलाही हॉकीवाला झोपेत म्हणेल तेच. "अप्पर बॉडी. ठीक आहे." त्यानं क्लबला झाकलं नाही, त्यानं विचारसुद्धा केला नाही. सवय बोलली. समोरच्या संघाला कळू नये म्हणून लहानपणापासून लावलेली सवय. आज क्लब तेच वाक्य घेऊन फिरतोय की बघा, खेळाडूनं स्वतःच सांगितलं.

त्या सामन्यात पक कोपऱ्यात आला, या वेळी मी आणायला गेलो, मागून काहीच ऐकू आलं नाही. मी वाचलो, नशीब. मागे वळून बघितलं तर डिलन बर्फावरच्या लांबच्या निळ्या रेषेवर उभा राहून छताच्या दिव्यांकडे बघत होता. पुढच्याच शिफ्टला एका साध्या धक्क्यानं तो पडला. रोज असे वीस धक्के आम्ही खातो. त्या वेळी मात्र तो उठला नाही.

तेव्हापासून तो वेल्समध्ये आईवडिलांकडे आहे. मी गेलो होतो उन्हाळ्यात. दिवसा पडदे ओढलेले, घरात सगळे कुजबुजत बोलतात. गाडी चालवू शकत नाही, पुस्तकाचं एक पान वाचलं तर आडवं व्हावं लागतं. माझं तर नव्या सीझनला क्लबनं नावच घेतलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, हा निव्वळ खेळाचा निर्णय आहे. असेलही. सध्या मी बेसिंगस्टोकला एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर बसतो आणि शनिवार-रविवारी आम्ही काही माजी खेळाडू रिंकच्या दारात डिलनबद्दलची पत्रकं वाटतो.

आता लीगची चौकशी समिती दिवाळीनंतर बसणार आहे. तिचा प्रश्न एकच आहे. शनिवारी, त्या क्षणी, क्लबला डोक्याची शंका यायला हवी होती की नाही? क्लब म्हणतो, खेळाडू स्वतः उठला, खांदा धरून स्वतःच्या बेंचवर आला, आम्हाला शंका यायचं कारणच नव्हतं. स्वतःच्या बेंचवर! मी समितीला आधीच लेखी कळवलं की तो दुसऱ्यांच्या बेंचवर गेला. समितीकडून उत्तर आलं, तुमचा करार वाढवला नाही ना, तेव्हा तुम्ही नाराज असणारच. त्या किटवाल्याला मी फोन केला. "आठवतंय रे मला," तो म्हणाला, "विसरणार कसा? पण आमच्या क्लबनं सांगितलंय, ड्रेसिंग रूममधलं ड्रेसिंग रूममध्ये." बेंच कधीपासून ड्रेसिंग रूम झाला? क्लबच्या थेट प्रक्षेपणात त्या वेळी धक्क्याचा रिप्ले चालू आहे आणि त्यानंतर स्टँडमध्ये नाचणारी तुमची मंडळी दिसतात. बर्फ दिसत नाही. इमारतीतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग 'नेहमीप्रमाणे' पुसलं गेलं म्हणे. असेलही. इतकं 'असेलही' एका जागी साठलं की मला वास यायला लागतो.

आणि डिलनला तो शनिवार आठवत नाही. मी गेलो तेव्हा तो अंधारात टोपी घालून बसला होता.

"हळू बोल, कॅरट. तू कुजबुजलास तरी भाषण वाटतं."

मी हळू आवाजात सगळं सांगितलं. तो ऐकत होता.

"मी खरंच त्यांच्या बेंचवर गेलो?"

"गेलास."

"तुझी शपथ?"

"शपथ कसली मागतोस? मी धरून आणलं तुला."

त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. मग म्हणाला, "राग मानू नकोस. पण तू पत्रकवाला आहेस. तुला गोष्ट पक्की लागते. क्लब म्हणतो मी खांदा धरून आपल्या बेंचवर आलो. माझ्या डोक्यात तिथे भोक आहे. तू त्यात एक भरतोस, ते त्यात दुसरं भरतात. माझं मी काय धरू? मला पैसे नकोत, माफी नको. मला बघायचंय."

ज्या माणसाच्या एका शब्दावर मी जगाकडे पाठ करायचो, त्याला माझ्या शब्दाची खात्री नाही. याचा राग मी त्याच्यावर धरू की कुणावर, ते तुम्हीच ठरवा.

आता तुमच्याकडे येतो. त्या ब्लॉकमध्ये तुमचे फोन वर होते. मी स्वतः बघितले. डिलन समोरून आला, दार चुकला, आणि तुम्ही हसलात. त्याबद्दल मी काही म्हणत नाही, न कळणाऱ्याला ते गमतीचंच दिसतं. त्याच रात्री मंडळाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पडला होता, हे मला तिघांनी सांगितलं. आमची पत्रकं सुरू झाल्यावर तो ग्रुपवरून गेला. म्हणून मी मंडळाचे अध्यक्ष सुहासकाका यांच्याकडे लीड्सला गेलो. काका भला माणूस. चहा, चकली, चौकशी.

"राहुल, तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही," काका म्हणाले. "पण आपण त्यांचे पाहुणे होतो. त्यांनी आपल्याला ढोल वाजवू दिला."

"काका, तुम्ही तिकिटं काढून गेला होतात. पाहुणे कसले?"

"पुढच्या वर्षीही बोलावणार आहेत."

"व्हिडिओ कुणी काढला, ग्रुपवरून कुणी काढून टाकला?"

"अरे, इतके लोक होते. कुणाचा कुणास ठाऊक. आणि माझा तर फोनच बदलला."

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हीच तर टाकला होतात. हसून हसून रडणारे चेहरे लावून. आणि फोन बदलला तरी फोटो सगळे आलेत की नव्यात. परवा तर गणपतीचे दाखवत होतात जोशांना."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "इरा तिथे खेळते रे."

इरा त्यांची मुलगी. त्याच क्लबच्या मुलींच्या संघात आहे. खेळते डिफेन्स. मला हे माहीत नव्हतं. काकांना भीती ही की व्हिडिओ दिला तर तिची जागा जाईल. मी म्हटलं, "काका, परवा तिला काचेवर आपटलं आणि ती चुकीच्या बेंचवर गेली, तर तिच्याकडे बघणारा फिजिओ हाच आहे. तिचा कोचही आमच्या त्याच कोचनं तयार केलेला आहे." काकांनी चकलीची बशी माझ्याकडे सरकवली. मी त्यांच्या छातीकडे बघितलं. ती माझ्याकडे वळलेली नव्हती, दाराकडेही नव्हती. म्हणजे ते अजून कुठेच निघालेले नाहीत.

म्हणून हा लेख 'बर्फावरचं मराठी पाऊल' झाला नाही. त्या शनिवारी त्या ब्लॉकमध्ये बसलेल्या प्रत्येकाकडे माझी एकच मागणी आहे. हा अंक खाली ठेवा. फोन हातात घ्या. जानेवारीपर्यंत मागे जा. ढोलाचे व्हिडिओ येतील, समोशांचे फोटो येतील, त्यांच्या पुढे बघा. पांढऱ्या बर्फावर एक माणूस चुकीच्या दाराकडे येताना दिसेल. तो व्हिडिओ समितीला पाठवा, समितीशी बोलायचं नसेल तर मला पाठवा, माझा नंबर मंडळाच्या निम्म्या लोकांकडे आहे. आपण हसताना ऐकू येतो म्हणून लाजू नका, आवाज काढून टाकू नका, आधी-नंतरचं कापू नका. डिलनला जे बघायचंय त्यात तुमचं हसणं धरलेलं आहे. अख्खा ब्लॉक हसला याचा अर्थ अख्ख्या ब्लॉकला दिसलं, आणि तुम्हाला जे तिकीट काढून दिसलं ते क्लबला पगार घेऊन दिसलं नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

सुहासकाका, पहिला तुम्ही पाठवा. आज.